चष्मेवाल्यांनी खाकी म्हाताऱ्याचे अ‍ॅक्सल पालटिले, त्याची हकीकत

चिरंजीव कन्यारत्न, मुक्काम वसतिगृह, यांणी दूरध्वनीवरून आज्ञा केली जे, "काका, बाबा एक सांगतात, आई दुसरंच सांगते, आणि मामाला विचारलं तर तो विषय बदलतो. नक्की झालं काय, ते तुम्ही लिहून पाठवा." ऐसा हुकूम येताच आम्ही, भिंतीस भिंत लागून राहणारे शेजारी, कचेरीत एकतीस साल दफ्तर सांभाळून हल्ली निवृत्त, खिडकी नेमकी त्यांच्या अंगणावर, दृष्टी शाबूत आणि कान त्याहून शाबूत, आज्ञा शिरसावंद्य मानून लेखणी हाती धरिली. जे डोळ्यांनी देखिले ते लिहिले, आणि जे भिंतीपलीकडून ऐकिले तेही लिहिले, आणि जे देखिले ना ऐकिले ते मागाहून एकेकास वेगळे गाठून, उलटसुलट विचारून पक्के केले. यांत पदरचे काही घातले असेल तर ती विशेषणे.

तरी हकीकत ऐसी जे. आपले तीर्थरूप, राजमान्य राजेश्री सरलष्कर चष्मेवाले, बाजारात चष्म्यांचे दुकान, गावातील निम्म्या नाकांवर यांचाच अंमल, मोहरीएवढा स्क्रू चिमट्यात धरावा आणि श्वास रोखून जागी बसवावा ऐसी कीर्ती. त्यांणी अकरा सालांमागे लष्कराच्या जुन्या सामानाचा लिलाव होता तेथे केवळ बघावयास म्हणून गमन केले आणि येताना एक पिकअप ट्रक घेऊन आले. रंग खाकी, वय घरधन्याएवढेच, पत्रा ऐसा की खिळा ठोकू जावे तर खिळ्याने माघार घ्यावी. गल्लीत त्यास खाकी म्हातारा म्हणू लागले. हा म्हातारा चिखल, चढ, खडक, नाले यांस आयुष्यात हटला नसेल. परंतु हमरस्त्यावर आणिला आणि काटा साठाकडे झुकला की इंजिन ऐसा आक्रोश मांडी जे, पुढील गाडीवाले मागे काय आले म्हणून घाबरून वाट देत. आत बसणाराचे दात, कान आणि विचार एकाच तालात वाजत.

त्यात सहा सालांमागे एक दारुण प्रसंग गुजरला. आपल्या मातोश्री, म्हणजे आमच्या वहिनीसाहेब, रुग्णालयात मुख्य सिस्टर, चाळीस खाटांचा मुलूख ज्यांच्या एका भुवईवर चाले, यांस त्या साली दूरच्या शहरी परिचारिकांच्या विद्यालयात शिकविण्याची जागा चालून आली. जावे तर लेक, म्हणजे आपण, शाळेत, घर कोण पाहील. न जावे तर मन ओढ घेते. ऐसा पेच पडिला. मग एका नातलगास भेटून परतताना, म्हाताऱ्यात बसून, हमरस्त्यावर, त्यांणी तो सर्व पेच पतीपुढे मांडिला. पाऊण तास बोलत होत्या, आणि शेवटी विचारिले जे, "तर मग मी जाऊ का?" तेसमयी सरलष्करांची मान डावीकडून उजवीकडे आणि उजवीकडून डावीकडे हलली. वहिनीसाहेबांनी ते उत्तर मानिले आणि दुसरे दिवशी नकाराचे पत्र रवाना केले. पुढे दोन सालांनी, बोलण्याच्या ओघात, उघड जाहले जे, सरलष्करांस त्या पाऊण तासातील एक अक्षर ऐकू आले नव्हते. मान हलली ती म्हाताऱ्याच्या थरथरीने हलली, धन्याच्या इच्छेने नव्हे. ते ऐकून वहिनीसाहेब भांडी आवरीत राहिल्या, आणि त्या दिवसापासून चार साले त्यांणी म्हाताऱ्यात पाऊल ठेविले नाही. "भांडली असती तर बरं झालं असतं हो," ऐसे सरलष्कर एकदा आम्हांस भिंतीवरून बोलिले.

चालू साली त्याच विद्यालयातून पुन्हा खलिता आला. या वेळी शिकविण्याची जागा नव्हे, प्राचार्यपद. आणि हजर होण्यास तेवीस दिवसांची मुदत. वहिनीसाहेबांनी खलिता एकदा वाचिला आणि कोणास न विचारिता होकार कळविला. मग रात्रीच्या जेवणाच्या मेजावर सर्वांस जाहीर केले. तेथे आपले मामासाहेब हजर होते. मामासाहेब म्हणजे वहिनीसाहेबांचे धाकटे बंधू, विम्याचे एजंट, वय अठ्ठेचाळीस, टोपणनाव अद्यापि छोटू. नुकतीच नवी मोटार घेतली होती, पांढरी शुभ्र, आत बसले की आपला श्वास आपणांस ऐकू यावा ऐसी निःशब्द. त्यांणी तत्काळ विडा उचलिला जे, ताईस नेऊन पोहोचवणे ही कामगिरी आमची. सरलष्करांनी घास तैसाच हाती धरिला आणि म्हणाले, "मी सोडतो ना तिला. आपल्या गाडीतून." मामासाहेबांनी पाण्याचा पेला तोंडी लाविला, तो केवळ हसू दडविण्यास.

वहिनीसाहेब बोलिल्या, "अहो, त्या गाडीत बसून मी एकदा निर्णय घेतलाय. पुन्हा नाही."

सरलष्कर म्हणाले, "गाडी बदलली तर?"

"कशी बदलणार?"

"ते माहीत नाही. पण बदलली तर?"

वहिनीसाहेबांनी मग, वॉर्डात औषधाची मात्रा ठरवावी तैसे, जो हुकूम फर्माविला तो येणेप्रमाणे: "बावीस दिवसांनी रविवारी निघायचं. मी तुमच्याशेजारी बसेन, सामान घेऊन छोटू मागून येईल. गाडी ऐंशीनं चालवायची आणि मी घरात बोलते तशीच बोलेन, ओरडणार नाही. हमरस्त्यावरच्या पहिल्या पेट्रोल पंपापर्यंत सगळं ऐकू आलं, तर पुढे तुमच्याबरोबर. नाहीतर तिथून छोटूच्या गाडीत."

मामासाहेबांनी तह मान्य केला. सरलष्करांनी घास खाली ठेवून मान्य केला. त्या रात्री ते जेवले नाहीत, ऐसे स्वयंपाकघरातील भांड्यांच्या आवाजावरून आम्ही ताडिले.

दुसरे दिवशी सूर्योदयी मसलतीस आत्यासाहेबांकडे जाणे जाहले. आत्यासाहेब म्हणजे आपल्या आत्याआजी, वय बहात्तर, पत्र्याच्या शेडमध्ये लेथचा कारखाना, चष्मा दोरीने गळ्यात, केसांत कायम लोखंडाचा एखादा कीस, आणि लोखंडाची कळ ज्या जाणतात तैसी डॉक्टर मनुष्याची न जाणती. त्यांणी म्हातारा सुरू करविला, हमरस्त्यावर एक फेरी मारविली, परत येऊन हात पुसले आणि निदान सांगितले.

"इंजिनाला काही झालेलं नाही. इंजिन बिचारं गुणी आहे. तुझे अ‍ॅक्सल लष्करी आहेत."

"म्हणजे?"

"म्हणजे चढावर ओझं ओढायला बनवलेत. पावलं लहान. लहान पावलं टाकत मोठ्या माणसाबरोबर चालायला लागलं की काय होतं? धाप लागते. ती धाप तू ऐकतोयस."

येथे अज्ञजनांसाठी खुलासा लिहितो. अ‍ॅक्सल म्हणजे दोन चाकांस जोडणारा लोखंडी कणा. त्याचे मध्ये भोपळ्याएवढा डबा, डब्यात दातेरी चक्रे. इंजिनाकडून येणारा लांब दांडा त्या चक्रांस फिरवी आणि चक्रे चाकांस फिरवीत. म्हाताऱ्यात ऐसे दोन अ‍ॅक्सल, पुढे एक, मागे एक, दोहोंस स्वतंत्र दांडा. दोहोंचा रिवाज ऐसा जे, दांड्याने साडेचार फेरे घ्यावे तेव्हा चाकाने एक घ्यावा. आत्यासाहेबांचे म्हणणे, ज्या गाडीत दांडा तीनच फेरे घेतो आणि चाक एक, तीस हमरस्ता सोपा. म्हाताऱ्याच्याच घराण्यातील, परंतु लष्करात न गेलेली गाडी शोधावी, तिचे दोन्ही अ‍ॅक्सल आणावे, याचे काढावे, ते लावावे. ऐसे बोलून आत्यासाहेब लेथकडे वळल्या, जणू शर्टाचे बटण लावण्यास सांगितले.

मग सरलष्करांनी दुकानाच्या दारावर "दुपारनंतर बंद" ऐसी पाटी लाविली आणि भंगाराच्या मुलुखात स्वारी केली. सहा दिवस हिंडले. पहिल्या वखारीत कुत्र्यांनी अडविले, दुसरीत मालकाने चहा पाजून काहीच दाविले नाही, तिसरीत जे दाविले ते ट्रॅक्टरचे निघाले. सातवे दिवशी, गावाबाहेर, गंजलेल्या बसांच्या आडोशास, म्हाताऱ्याचा सख्खा भाऊ सापडला. निळा रंग, उभा जन्म सोफे आणि कपाटे वाहिलेला, इंजिन कोणी काढून नेलेले, परंतु अ‍ॅक्सल जागचे जागी. सरलष्करांनी मागील अ‍ॅक्सलाचा दांडा फिरवून फेरे मोजिले: तीनाहून किंचित अधिक. हर्षाने डोळे भरून आले. पुढील अ‍ॅक्सल मात्र एका बसच्या सांगाड्याखाली अडकला होता, तेथे हात पोहोचेना, आणि दिवस मावळतीस लागला होता.

"पुढचाही असाच ना?" ऐसे त्यांणी वखारीच्या मालकास विचारिले.

"साहेब, एकाच गाडीचे दोन पाय. वेगवेगळे कसे असतील?"

हे उत्तर सरलष्करांस पटले. आम्हांसही पटले असते. पुढे काय जाहले ते क्रमाने येईल.

आठवे दिवशी दोन्ही अ‍ॅक्सल अंगणात दाखल जाहले आणि वेढा सुरू जाहला. म्हाताऱ्यास चहूकडून लोखंडी घोड्यांवर, म्हणजे तिवयांवर, उचलून धरिला, चाके काढिली, आणि खाली शिरून पाहिले तो प्रत्येक अ‍ॅक्सल धक्के सोसणाऱ्या कमानपाट्यांस चार-चार यू-बोल्टांनी, म्हणजे यू आकाराच्या दुहेरी नटांच्या बोल्टांनी, जखडलेला. एकूण सोळा नट, आणि त्या सोळांवर पन्नास सालांचा गंज. सरलष्करांनी पहिल्या नटास पाना लाविला आणि जोर केला. नट हलला नाही. तेल पाजिले, हलला नाही. दिव्याच्या ज्योतीने तापविला, हलला नाही. मग आत्यासाहेब आल्या, पान्याच्या दांडीवर पाच हात लांब नळी चढविली, नळीच्या टोकावर आपला देह टाकिला, आणि "कच्च" ऐसा ध्वनी जाहला की आमच्या खिडकीची काच थरथरली. पहिला नट शरण आला. राहिले पंधरा.

त्या पंधरांस चार दिवस लागले. त्या चार दिवसांत सरलष्करांचा उजवा अंगठा निळा जाहला, ब्रेकची एक नळी तुटून तेलाची धार थेट चष्म्यावर आली आणि जगाचे चष्मे पुसणारा पुरुष अंगणात चाचपडत टॉवेल शोधू लागला, दुकानात गिऱ्हाईक म्हणे, "हात कसले हो काळे?" तेव्हा "मोहिमेवर आहे" इतकेच उत्तर मिळे. मोहरीएवढ्या स्क्रूंत जन्म गेलेला मनुष्य आता मुठीएवढ्या नटांशी झुंजत होता. वहिनीसाहेब ड्युटीवरून येत, म्हाताऱ्याखालून बाहेर आलेल्या दोन पायांकडे पाहत, आणि घरात जात. एकदा मात्र पायांजवळ आयोडिनची बाटली आणि कापूस ठेविलेला आम्ही पाहिला.

मग जुने अ‍ॅक्सल उतरले आणि नवे चढू लागले. पैकी मागील दांडा बोटभर लांब भरला. तो आत्यासाहेबांनी लेथवर चढवून, कापून, पुन्हा सांधून ऐसा केला की सांधा भिंगातून पाहावा तरी दिसू नये. कमानपाट्यांवर अ‍ॅक्सल बसले, नवे यू-बोल्ट आवळले, सतरावे दिवशी दोन्ही बाजू जागी आल्या. मंगळवारचा तिसरा प्रहर. सरलष्करांनी पाना खाली ठेविला आणि विजयाचे भाषण करणार, इतक्यात आत्यासाहेब म्हणाल्या, "फेरे मोजल्याशिवाय चाक लावायचं नाही."

"मोजलेत की मी."

"मागचे मोजलेस. पुढचे?"

खडू आणविला. दांड्यावर खूण, चाक बसते त्या चकतीवर खूण. दोन्ही बाजू एकदम फिरविणे लागते, सबब डावी सरलष्करांनी धरिली, आणि उजव्या बाजूस माणूस कमी पडिला म्हणून आम्हांस खिडकीतून बोलावणे आले. दफ्तर सोडून आम्हीही रणांगणी उतरलो. आत्यासाहेब खाली पडून मोजू लागल्या. मागील: तीन आणि किंचित. उत्तम. मग पुढे सरकलो. एक. दोन. तीन. अंगणात इतके शांत की शेजारच्या नळाचे थेंब ऐकू येत. चार. आणि अर्धा.

पुन्हा मोजिले. चार आणि अर्धा.

निळ्या गाडीच्या कोणा पूर्वधन्याने कधी काळी पुढील अ‍ॅक्सल मोडल्यावर लष्करी भंगारातला आणून बसविला असावा. म्हणजे सरलष्करांनी आठ नटांशी चार दिवस झुंजून जो काढिला, तोच, तैसाच, दुसरा, पुन्हा बसविला होता. आणि आता पुढील चाके एक मागत, मागील दुसरे देत. चारही चाके एकदम इंजिनास जोडावी तर म्हाताऱ्याचे पुढचे धड मागच्या धडाशी भांडून आपलेच दात पाडून घेईल, ऐसी अवस्था. निघण्यास पाच दिवस. नवा जोड शोधून, आणून, बसविणे अशक्य.

सरलष्कर पायरीवर बसले. हात गुडघ्यांवर, अंगठा निळा, चष्मा तेलकट. त्याच घटकेस मामासाहेबांचा निरोप फोनवर झळकला जे, ताईच्या बॅगा शनिवारीच घेऊन जातो, डिकीत भरपूर जागा आहे. सरलष्करांनी तो वाचिला आणि फोन उलटा ठेविला. "जाऊ दे आत्या," ते म्हणाले. "नशिबात नाही. छोटू सोडेल तिला."

आत्यासाहेब त्यांच्या शेजारी बसल्या आणि विचारिले, "अकरा वर्षांत चारही चाकं किती वेळा जोडलीस?"

सरलष्करांनी बराच विचार केला. "एकदा."

"कुठल्या डोंगरावर?"

"इथेच. अंगणात. लागतात का बघायला."

"मग पुढचा दांडा काढून टाक. मागची दोन चाकं ओढतील, पुढची नुसती फिरतील. हमरस्त्याला तेवढं पुरतं."

हे सांगणे सोपे, ऐकणे कठीण. सरलष्करांनी हा ट्रक घेतला तो चार चाकांच्या बळासाठी. मनात त्यांणी अकरा साले नद्या ओलांडिल्या, डोंगर चढिले, चिखलात रुतलेल्यांस बाहेर ओढिले. प्रत्यक्षात दुकान आणि घर. पुढचा दांडा काढणे म्हणजे त्या सर्व नद्या आणि सर्व डोंगर यांजवर पाणी सोडणे. आम्ही पाहत होतो. ते उठले, म्हाताऱ्याखाली शिरले, आणि पुढच्या दांड्याचे आठ बोल्ट आपल्या हाताने, कोणाची मदत न घेता, एकेक करून काढिले. दांडा घेऊन बाहेर आले, तो खांद्यावरून भिंतीशी नेऊन टेकविला, आणि म्हणाले, "चल आत्या. ब्रेक राहिलेत."

ब्रेकचे काम शुक्रवारी संध्याकाळी निघाले. नळ्या नव्या, तेल नवे, परंतु नळ्यांत हवा शिरलेली. ती संपूर्ण काढिल्यावाचून ब्रेक लागत नाही, आणि ती काढणे हे दोन माणसांचे काम. एकाने पायाने ब्रेक दाबून धरावा, दुसऱ्याने चाकापाशी नळीचे तोंड उघडावे, बुडबुडे जाऊ द्यावे, मिटावे. आत्यासाहेब कारखान्यात, सबब ब्रेकवर आमची नेमणूक जाहली आणि आमची मोठी नाचक्की जाहली. "दाबा" म्हटले की आम्ही सोडीत असू आणि "सोडा" म्हटले की दाबीत. एक तास ऐसा गेला. तेल अंगणात, हवा नळीत, सरलष्करांचा पारा माथ्यावर. तेवढ्यात वहिनीसाहेब ड्युटीवरून आल्या, पर्स खांद्यावर, दारात उभ्या राहून पाच मिनिटे पाहत राहिल्या.

"काय करताय नक्की?"

"नळीतली हवा काढतोय."

"ही अशी?" पर्स पायरीवर ठेविली गेली. "उठा तुम्ही. अहो, सलाईनच्या नळीतला बुडबुडा बघत माझी तीस वर्षं गेली. तुम्ही ब्रेकवर बसा. काका, तुम्ही घरी जा."

आम्ही गेलो, परंतु खिडकीपर्यंतच. वहिनीसाहेब मागील चाकाशी गोणपाटावर बसल्या, पारदर्शक नळी बोटांत धरिली, बाटली उजेडात उचलली, आणि मग त्या अंगणात ऐसे काम चालले की वर्णन किती करावे. "दाबा. धरून ठेवा. सोडायचं नाही म्हटलं ना! ... हां. आता सोडा." सरलष्कर दाबीत, धरीत, सोडीत, एकही हुकूम चुकला नाही. चारही चाके जाहली. शेवटच्या चाकाशी एक बुडबुडा अडला, तो वहिनीसाहेबांनी नळीस टिचक्या मारून, समजूत घालावी तैसा, बाहेर काढिला. "आला! बघा, केवढा होता," त्या म्हणाल्या, आणि चार सालांत प्रथमच म्हाताऱ्याजवळ हसल्या. सरलष्करांनी ब्रेक दाबिला तो दगडासारखा लागला. वहिनीसाहेबांनी हात धुतले, तेल गेले नाही, तैशाच हातांनी पोळ्या केल्या.

रविवारी सकाळी सात वाजता कूच जाहले. पुढे खाकी म्हातारा, मागे पांढरी मोटार, तीत मामासाहेब आणि चार बॅगा. वहिनीसाहेबांनी दार उघडिले, पायरीवर पाय ठेविला, क्षणभर थांबल्या आणि बसल्या. आत्यासाहेबांनी गल्लीच्या तोंडापर्यंत चालत येऊन एकदा खाली वाकून पाहिले आणि "जा" म्हटले.

हमरस्ता लागला. सरलष्करांनी वरचा गिअर टाकिला आणि कान टवकारिले. आक्रोश आला नाही. इंजिन आपले गुरगुरत, एखाद्या पोट भरलेल्या प्राण्यासारखे, चालत राहिले. वहिनीसाहेब सुरू जाहल्या.

"गॅस बंद केलात ना?"

"केला."

"दुकानाची मागची किल्ली?"

"आत्याकडे दिली."

मग त्यांणी आवाज कमी केला. "फ्रिजमध्ये वरच्या कप्प्यात भाजी आहे, दोन दिवसांत संपवा." "संपवतो." आणखी कमी केला, जवळजवळ पुटपुटल्या. "शर्ट उलटा घातलाय तुम्ही." सरलष्करांनी गळ्याशी हात नेऊन पाहिले, खरोखर उलटा होता.

परंतु सरलष्करांचे चित्त ठिकाणी नव्हते. काटा पंचावन्नावर होता. अधिक दाबावे तर अठ्ठावन्न. झाडे भराभर मागे जात होती, परंतु काटा म्हणे पंचावन्न, आणि हुकूम ऐंशीचा होता. खोटे बोलणे त्यांच्या स्वभावात नाही. नंबर चुकला तर स्वतः गिऱ्हाइकाच्या घरी जाऊन चष्मा परत आणणारे ते. पेट्रोल पंप दिसू लागला तैसा त्यांणी म्हातारा आत वळविला, उभा केला, आणि म्हणाले, "अगं, ऐकू सगळं आलं. पण ऐंशी झालाच नाही. पंचावन्नच. तू छोटूच्या गाडीत बसलीस तरी चालेल. ठरलं होतं तसं."

वहिनीसाहेब काही बोलणार तो पांढरी मोटार पंपात शिरली, ब्रेक करकचून लागले, आणि मामासाहेब दार उघडे टाकून बाहेर आले. कपाळावर घाम.

"भावोजी, काय चाललंय काय! मी पंचाऐंशीनं येतोय तरी तुम्ही पुढे! मध्ये तर नव्वद झाले! एवढ्या जुन्या गाडीत ताईला बसवून असं पळवतात का?"

तेव्हा भेद उकलला. काटा दांड्याचे फेरे मोजी आणि त्यावरून, जुन्या अ‍ॅक्सलांच्या हिशेबाने, वेग सांगे. दांडा आता कमी फिरे, चाक तितकेच धावे, आणि काटा बिचारा आपल्या जुन्या हिशेबाने पंचावन्न सांगत राही. सरलष्कर ज्यास हार समजत होते तो पंपापावेतोचा सर्व रस्ता ऐंशीवर गेला होता. सरलष्कर प्रथम काट्याकडे पाहत राहिले, मग मामासाहेबांकडे, आणि मग त्यांस ऐसे हसू फुटले की पंपावरील माणूस नळी हातात धरून बघत राहिला.

वहिनीसाहेबांनी खिडकीतून मान बाहेर काढिली आणि फर्माविले, "छोटू, बॅगा इकडे टाक." मामासाहेबांनी चारही बॅगा आपल्या हाताने म्हाताऱ्यात चढविल्या आणि तेथूनच माघारी वळले.

पुढील रस्ता उभयतांनी एकत्र काटिला. तीन तास बोलत होते. काय बोलिले ते आम्ही विचारिले, परंतु दोघांनीही थोडेच सांगितले. एवढे मात्र दोघांच्याही तोंडून सारखेच आले, सबब खरे. शहर चाळीस किलोमीटर राहिले तेव्हा वहिनीसाहेब खिडकीबाहेर पाहत, हळूच, जणू स्वतःशीच बोलिल्या, "मला भीती वाटतेय. या वयात शंभर पोरींसमोर उभं राहायचं. नाही जमलं तर?"

सरलष्करांनी म्हातारा रस्त्याच्या कडेस घेतला आणि थांबविला.

"ऐकू आलं का?" वहिनीसाहेबांनी विचारिले.

"आलं." मग म्हणाले, "मलापण भीती वाटतेय. घर रिकामं होईल याची. तरी तू जा. तुला जमेल. मी शनिवारी येतो."

"दर शनिवारी?"

"साडेचार तास तर लागतात."

वहिनीसाहेबांनी तेलाचे डाग न गेलेला हात त्यांच्या निळ्या अंगठ्यावर ठेविला. मग म्हातारा पुन्हा रस्त्यास लागला.

सोमवारी दुपारी सरलष्कर एकटे परतले. गाडी अंगणात लाविली, इंजिन बंद केले, आणि बराच वेळ खाली उतरले नाहीत. आम्ही खिडकीतून विचारिले, "कसा झाला प्रवास?" ते म्हणाले, "शांत झाला. येताना जरा जास्तच शांत."

येणेप्रमाणे खाकी म्हाताऱ्याची मोहीम बावीस दिवसांत तडीस गेली. मागील अ‍ॅक्सल काबीज जाहला. पुढील अ‍ॅक्सल जैसा होता तैसाच, तहाने ठेविला. नट सोळा, पैकी सोळा सर. जखमी अंगठा एक, नव्या नखाची आशा आहे. आपल्या मातोश्री सोमवारी सकाळी दहा वाजता प्राचार्यांच्या खुर्चीवर दाखल जाहल्या, आणि पहिल्याच दिवशी शंभर पोरी चिडीचूप बसल्या ऐसे वर्तमान आहे. आपले तीर्थरूप जेवतात, वेळेवर दुकान उघडतात, आणि गुरुवारपासूनच टायरांतील हवा पाहू लागतात. मोहिमेची फत्ते दोन्ही घरी नोंदविली गेली, आणि आपल्या आज्ञेवरून आज आम्हीही नोंदविली. वाचून खातरजमा व्हावी.